दिवेलागणीची उपासना

नसरापूरकडच्या आमच्या ख्रिस्ती घरांत संध्याकाळच्या प्रार्थनेची वेळ कधी कुणी घड्याळात सांगितली नाही. ‘दिवे लागल्यावर’ एवढंच. गुरं गोठ्यात आली, चूल पेटली, कंदिलाची काच राखेनं पुसून झाली, की पोरांनी हातपाय धुऊन बसायचं. त्याच वेळी शेजारच्या घरात शुभंकरोती चाललेलं असे, पलीकडे माळकऱ्यांच्या ओटीवर हरिपाठ, आणि आमच्याकडे स्तोत्र. तिन्ही घरांतली पोरं सारखीच पेंगत आणि सारखेच धपाटे खात.

ही वेळ मिशननं दिली असं आमच्याकडची जुनी माणसं सांगत. मला ते कधी पटलं नाही. माझा जन्म जिल्हा परिषदेच्या शाळांत गेला, निम्मा भोर तालुक्यात आणि निम्मा वेल्ह्यात. घरोघर जाऊन पटावर पोरं आणायचं काम असल्यानं लोकांच्या संध्याकाळी मी पुष्कळ पाहिल्या. मिशननं पुस्तक दिलं, गाणी दिली, गुडघे टेकायला शिकवलं. वेळ आणि जागा मात्र आमच्या बायकांनी आपल्या जुन्या घरातूनच काढली, आणि म्हणून ती टिकली.

ठराविक वेळी घरातल्या कर्त्या पुरुषानं शास्त्र वाचायचं, बायकामुलांनी आणि गड्यामाणसांनी ऐकायचं, मग सगळ्यांनी प्रार्थना करायची, ही जी रीत ‘कुटुंबोपासना’ या नावानं मराठी मंडळ्यांत आली, तिचा एक पत्ता स्कॉटलंडचा आहे. 1647 साली तिथल्या चर्चच्या महासभेनं कुटुंबोपासनेचे नियमच काढले. घराघरांत उपासना होते की नाही हे पाळकांनी आणि मंडळीच्या वडीलजनांनी तपासायचं. न करणाऱ्या कुटुंबप्रमुखाला आधी खाजगीत समज, मग कडक ठपका, आणि तरीही ऐकलं नाही तर प्रभुभोजनाला बंदी. घरात प्रार्थना नाही म्हणून चर्चच्या पंगतीतून उठवायचं! गावकीनं वाळीत टाकण्याची तऱ्हा आमच्या लोकांना ठाऊक होती, पण संध्याकाळी पोथी वाचली नाही म्हणून कुणाला वाळीत टाकल्याचं इथं कुणी ऐकलेलं नव्हतं.

1823 साली स्कॉटिश मिशनरी कोकणात बाणकोटला आले आणि काही वर्षांत घाट चढून पुण्यात पोचले, तेव्हा ही रीत त्यांच्या सामानात होती. अमेरिकन मिशनरी त्यांच्याही आधी, 1813 पासून, मुंबईत होते, आणि 1831 पासून नगरला. त्यांची घडण प्युरिटन, म्हणजे घरातल्या उपासनेबाबत तितकीच कडक.

भोरची गोष्ट याहून उशिराची. भोर हे पंत सचिवांचं संस्थान होतं. क्षेत्रफळ सव्वानऊशे चौरस मैल, पण त्यात डोंगर किती आणि सपाटी किती हे राजगडावर उभं राहिलं की कळतं. संस्थानाच्या तालुक्यांची नावंही गडांवरून ठेवलेली: विचित्रगड म्हणजे रोहिडा, राजगड, प्रचंडगड म्हणजे तोरणा. इथल्या खेड्यांत पाय रोवून काम सुरू केलं ते पूना अँड इंडियन व्हिलेज मिशननं. चार्ल्स रीव्ह यांनी ऑस्ट्रेलियातली माणसं घेऊन 1893 साली ते उभं केलं. नावात पुणं असलं तरी रोख शहरावर नव्हता, शहराबाहेरच्या खेड्यांवर होता. भोर, नसरापूर, लोणंद, फलटण, पंढरपूर अशी त्यांची ठाणी होती. ही नावं ओळीनं वाचली की आमच्याकडच्या माणसाच्या लगेच लक्षात येतं, की यातली शेवटची तीन ज्ञानोबांच्या पालखीच्या वाटेवरची आहेत. योगायोग म्हणा की हिशेब म्हणा.

मिशनच्या इंग्रजी मासिकाचं नाव होतं ‘व्हाइट ऑलरेडी टू हार्वेस्ट’. योहानाच्या शुभवर्तमानात शेतं कापणीसाठी पांढरी झाल्याचा जो उल्लेख आहे, तो त्यामागं. फलटण-पंढरपूरकडे शाळूची कणसं भरली की रान खरोखर पांढरं दिसतं. भोर-वेल्ह्यात भात. ते पिकलं की पिवळं होतं, पांढरं कधीच होत नाही. कापणीच्या बाबतीतही आमचा भाग मिशनच्या आशेइतका पिकला नाही. ख्रिस्ती घरं मूठभरच राहिली, एका गावात दोन, दुसऱ्यात चार, आणि कित्येक गावांत एकही नाही. घराभोवती ना मंडळी, ना चर्चची घंटा. जे काही टिकवायचं ते घराच्या चार भिंतींतच टिकवायला हवं होतं.

रीव्ह यांच्या पिढीनं आणखी एक सवय आणली होती. इंग्लंडात केझिक नावाच्या गावी 1875 पासून दरवर्षी मोठी अधिवेशनं भरू लागली होती आणि त्या वाऱ्यातली माणसं पहाटेच्या एकांत प्रार्थनेवर फार भर देत. उठायचं, दार लावायचं, बायबल उघडायचं आणि देवाशी एकट्यानं बोलायचं. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशूनं खोलीत जाऊन दार लावून प्रार्थना करायला सांगितलंच आहे. उपदेश चांगला, पण मावळातल्या घरात ती खोली कुठली? पडवी, माजघर आणि चूल. एका बाजूला गोठा, वर माळ्यावर भाताची कणगी, आणि माजघरात रात्री नऊ माणसं ओळीनं निजलेली. दार एकच, आणि ते लावलं तर म्हातारं माणूस बाहेर अडकायचं. अशा घरात पहाटे चार वाजता एकांत मिळणारं माणूस एकच असे. जात्यावर बसलेली बाई.

माझ्या आजीला, म्हणजे वडिलांच्या आईला, तो एकांत मिळे. ती मूळची कुठली हे तिला नीट सांगता यायचं नाही. 1900 सालच्या दुष्काळात गुजरातेतून ज्या शेकडो मुली केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात आल्या, त्यांतली ती एक. तेव्हा जेमतेम पाच वर्षांची. आईबाप कोण, गाव कुठलं, काही नाही. बोलायला लागली ती मराठीच, आणि वाचायला शिकली तीही तिथंच. पुढं लग्न होऊन भोर संस्थानातल्या एका खेड्यात आली, तेव्हा त्या घरात वाचता येणारी ती पहिली बाई होती. घरातल्या पुरुषांतही अक्षर एकट्या आजोबांना येई, तेही अडखळत.

आणि आजोबा घरात असत कुठं? कर्त्या पुरुषानं उपासना चालवायची हा स्कॉटलंडचा नियम इथंच मोडला. भोर-वेल्ह्यातल्या घरोघरचा पुरुष मुंबईला. कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणी हमालीला. लावणीला यायचा, पुन्हा कापणीला यायचा, जमलं तर नाताळाला. उरलेल्या दिवसांत घराचं कर्तेपण बाईकडे, मग ते औताच्या बैलांचं असो की बायबलाचं. कागदावर कुटुंबप्रमुख पुरुष राहिला. प्रत्यक्षात आमच्या पट्ट्यातल्या ख्रिस्ती घरांची याजक आजी होती. या एका गोष्टीवर मराठी मंडळ्यांच्या इतिहासात पानंच्या पानं लिहायला हवी होती. लिहिली गेली ती पाळकांची चरित्रं.

आजीचं दळण पहाटे. जात्यावर ओव्या म्हणायच्या ही या भागातल्या बायकांची शेकडो वर्षांची वहिवाट. गी पॉइट्व्हां आणि हेमा राईरकर यांनी 1980 च्या दशकापासून मुळशी आणि आसपासच्या डोंगरी गावांतून या ओव्या गोळा करायला सुरुवात केली आणि एक लाखाच्या वर जमवल्या. त्यात सासर आहे, माहेर आहे, भाऊ आहे, विठोबा आहे, बाबासाहेब आहेत. पॉइट्व्हां हे मूळचे फ्रान्समधले कॅथलिक धर्मगुरू, 1972 साली पुण्याला आलेले, हे मला फार उशिरा कळलं. धर्मगुरू म्हणून शिकलेला माणूस इथल्या बायांच्या जात्यापाशी ऐकत बसला याचं मला कौतुक आहे.

आजीनं ओवी कुणाकडून घेतली? सासूकडून. चाल सासूची आणि मजकूर केडगावचा. भाऊरायाच्या जागी येशू आला, माहेराच्या जागी केडगाव आलं, पण सासुरवास होता तसाच राहिला, कारण तो बाप्तिस्म्यानं जात नाही. दळता दळता ती आपल्या सगळ्या माणसांची नावं ओवीत घेई. मुंबईचा नवरा, तापानं गेलेली मुलगी, परीक्षेला बसलेला नातू. एकेका माणसाला एकेक ओवी. तिची पहाटेची मध्यस्थीची प्रार्थना ती हीच. शेरभर नाचणी संपेतो घरातलं कुणी सुटत नसे. केझिकच्या साहेबांना ही एकांताची घटका दिसली असती तर ओळखू आली असती की नाही, सांगता येत नाही.

हे ती काही नवं करत नव्हती. 1616 साली फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात ‘ख्रिस्तपुराण’ छापलं ते ओवीतच, अकरा हजारांच्या आसपास ओव्या. नव्यानं ख्रिस्ती झालेल्या लोकांची पुराणं सुटली होती आणि पुराण ऐकायची सवय सुटली नव्हती, हे त्या इंग्रज जेझुइटानं नेमकं हेरलं. नगरला 1860 च्या दशकात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं, तेही हेच ओळखून. पण स्टीफन्स आणि सांगळे विद्वान माणसं. ठरवून, विचार करून त्यांनी ते केलं. आजीपुढं असा काही विचार नव्हता. जात्याचा खुंटा हातात आला की तोंडातून ओवी येणार, आता त्यात काय भरायचं एवढाच प्रश्न होता.

गाण्यांचा मोठा साठा पुरवला तो रेव्हरंड टिळकांनी. नारायण वामन टिळक 1895 साली मुंबईत ख्रिस्ती झाले आणि 1919 साली वारले. मधल्या चोवीस वर्षांत त्यांनी मराठी मंडळ्यांना गायला जे दिलं त्यावर आम्ही अजून जगतो आहोत. ‘उपासना संगीत’ या आमच्या गीतपुस्तकात अडीचशेच्या आसपास गीतं त्यांची. त्याआधीची पुष्कळशी गीतं विलायती चालीवर बसवलेली. चर्चमध्ये पेटीवर ती ठीक वाटत, घरात कुणी म्हणेना. त्या चालीत श्वास कुठं घ्यायचा तेच कळत नसे. टिळकांचा अभंग मात्र टाळ हातात घेतला की कुणालाही येई. आमच्याकडे शेजारचे माळकरी पखवाज घेऊन नाताळाच्या रात्री भजनाला बसत आणि टिळकांचे अभंग आमच्याइतकेच ठसक्यात म्हणत. एकादशीला आमच्याकडचे लोक त्यांच्याकडे बसत की नाही, यावर मंडळीत दोन मतं होती. आमच्या घराचं मत बसावं असं होतं.

लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ 1934 पासून भागाभागानं प्रसिद्ध झालं. ते आमच्या घरी बायबलाखालोखाल वाचलं गेलेलं पुस्तक. नवऱ्यानं धर्म बदलल्यावर वर्षानुवर्षं दूर राहिलेली, सोवळ्याओवळ्यात वाढलेली ही बाई 1900 साली स्वतः बाप्तिस्मा घेते. त्या पुस्तकात धर्मांतर हे प्रवचनातून होताना दिसत नाही. कुणाच्या हातचं पाणी प्यावं, कुणाबरोबर जेवावं, कुणाचं पोर मांडीवर घ्यावं, अशा घरातल्या गोष्टींतून ते होतं. कुटुंबोपासनेवर लिहिलेल्या कुठल्याही पुस्तिकेपेक्षा मला त्यातून जास्त कळलं.

दिव्याची एक गंमत सांगण्यासारखी आहे. कंदील लावला की आजी हात जोडायची. सून म्हणून आली तेव्हा सासूनं लावलेली सवय. एकदा बाहेरगावाहून आलेल्या एका पाळकांनी ते पाहिलं आणि दिव्याला नमस्कार करणं म्हणजे मूर्तिपूजाच, असं भरल्या घरात सुनावलं. आजीनं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवसापासून तिनं दिवा लावण्याच्या आधी पोरांना बसवायला सुरुवात केली. सगळे बसले, डोळे मिटले, की कंदील लागायचा. हात तर आधीच जोडलेले! पुढच्या भेटीत पाळकसाहेबांनी या घरातली शिस्त वाखाणली.

आता तिच्या बायबलाबद्दल. चर्चमध्ये वाचलं जाई ते बायबल सोसायटीचं. आजीकडे होतं ते रमाबाईंचं. साध्या बायकांना समजावं म्हणून रमाबाई हिब्रू-ग्रीक शिकल्या आणि सगळं शास्त्र स्वतः मराठीत आणलं. एप्रिल 1922 मध्ये त्या गेल्या त्याच्या अगदी आधीपर्यंत मुद्रितं तपासणं चालू होतं, आणि ग्रंथ 1924 साली बाहेर आला. केडगावच्या छापखान्यात खिळे जुळवायला, पानं मुडपायला सदनातल्याच बायका होत्या. आजी अभिमानानं सांगे की ज्या हातांनी हे छापलं त्या हातांना मी ओळखते.

त्या बायबलाची पुढची कोरी पानं म्हणजे आमच्या घराचं दप्तर होतं. बोरूनं, टाकानं, पुढं बॉलपेननं, वेगवेगळ्या हातांनी लिहिलेलं. जन्म, बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू. एका ओळीत मुलगी जन्मल्याची तारीख आणि तिच्याच पुढं, वेगळ्या शाईत, ती गेल्याची. मध्येच ‘म्हैस घेतली’ आणि तिची किंमत; ती कुणी लिहिली यावरून घरात बोलणी झाली म्हणतात, कारण म्हशीखाली कुणीतरी रागानं रेघ ओढलेली आहे. संस्थान विलीन झालं 1948 साली, त्याची नोंद आहे, स्वातंत्र्याची नाही. भोरच्या माणसाला राजा गेला हे जास्त जाणवलं असणार.

या पानांचा उपयोग मला शाळेत कळला. आमच्या भागात हजेरीपट पाहिला तर निम्म्या वर्गाचा वाढदिवस 1 जून. आईबापांना तारीख ठाऊक नसे, शाळा जूनमध्ये उघडे, मग गुरुजी अंदाजानं वर्ष धरून 1 जून टाकून मोकळे. ख्रिस्ती घरातलं पोर दाखल व्हायला आलं की त्याची आई मात्र तारीख, वार आणि वेळसुद्धा सांगे, आणि खात्री नसेल तर बायबल घेऊन येई. देवाच्या पुस्तकात लिहिलंय म्हटल्यावर मीही ते निमूट उतरवून घेई. नोकरीतून वेळेवर निवृत्त झालेली या भागातली माणसं मोजली, तर त्यात हे लोक बरेच निघतील. बाकीच्यांना कुणाला दोन वर्षं जास्त मिळाली, कुणाची दोन बुडाली.

खेड्यापाड्यांत ही घरं एकमेकांना धरून राहिली ती बायबलबाईंमुळे. मिशनच्या कामात सगळ्यात कमी पगाराची आणि सगळ्यात जास्त चालणारी ही बाई. खांद्याला पिशवी, पिशवीत शुभवर्तमानाच्या पुस्तिका, चित्रांची गुंडाळी, आणि थोडं खोकल्याचं औषध. नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर करंजावणे, आंबवणे, मार्गासनी, विंझर अशी गावं लागतात. आज एसटीनं तासाभरात होणारी ही वाट तेव्हा पायी. पावसाळ्यात कानंदी-गुंजवणीला पूर आला की जिथं असेल तिथं मुक्काम. ती घरी आली की आधी चुलीपाशी बसे, मग बाळंतिणीची चौकशी, मग पोरांकडून पाठ केलेली वचनं म्हणवून घेणं, आणि निघताना प्रार्थना. पाळक येणार म्हटलं की घर सारवायचे. बायबलबाई यायची ती न सारवलेल्या घरात, म्हणून तिला घरातलं खरं काय ते कळे.

जेवणाआधीच्या प्रार्थनेत एक पेच होता, तो फारसा कुणी लिहिलेला नाही. पुरुष आणि पोरं आधी जेवत, बायका मागून. पुरुषांच्या पंगतीला उपकारस्तुती होई. बायका उरलंसुरलं घेऊन चुलीपाशी बसत तेव्हा प्रार्थना झालेलीच असे, मग पुन्हा कशाला? आजी पुन्हा करायला लावी. ‘त्यांच्या भाकरीबद्दल त्यांनी आभार मानले, आपल्या भाकरीबद्दल आपण मानू,’ असं तिचं म्हणणं. वाचायला सोपं वाटतं. पण दिवसभर लावणी करून आलेल्या, कंबरेत वाकलेल्या सुनेला त्या दोन मिनिटांसाठी कुणीतरी बसवतं, तिचं जेवण हेही जेवण आहे असं म्हणतं, याचं मोल आईला होतं. आई सासूबद्दल क्वचितच चांगलं बोले, पण हे सांगे.

मग मूठ. भोर-वेल्ह्यात भात हेच धन. आंबेमोहोर शिजला की वास तीन घरं जाई. रोज तांदूळ वैरायच्या आधी एक मूठ काढून डब्यात टाकायची आणि महिन्याच्या शेवटी तो डबा मंडळीकडे. असा प्रघात ख्रिस्ती जगात अनेक ठिकाणी आहे. मिझोराममध्ये 1910 पासून तो इतका रुजला की तिथल्या चर्चचा मोठा आधार आजही त्या मुठीवर आहे. पण आमच्याकडे मूठ काढायला मिझोरामकडून शिकायची गरज नव्हती. कर्मवीर भाऊराव पाटलांचा मुष्टिफंड शेजारच्या साताऱ्यातला. विनोबांचं सर्वोदयपात्रही पुढं घराघरांत आलं. गोसावी, वासुदेव, पांगुळ यांना सुपातून देणं तर त्याहून जुनं. जी बाई सकाळी वासुदेवाला मूठ घालत होती तिनं तीच सवय डब्याकडे वळवली. वासुदेवालाही ती देतच राहिली, हेही सांगायला हवं.

भांडण होई ते मुठीच्या मापावरून. सासूची मूठ मोठी, सुनेची लहान. सासूनं काढली की डबा वीस दिवसांत भरे, सुनेनं काढली की महिना सरला तरी रिकामा. सुनेचं उत्तर तयार होतं: पोरांच्या ताटात कमी पडतं ते मला दिसतं. 1972 च्या दुष्काळात आमच्या घरी मूठ बंद झाली नाही, पण तांदळाऐवजी सुकडी निघाली, रेशनची, सरकारी. मंडळीच्या खजिनदारांनी ती घेतली आणि ज्या घरात तीही नव्हती त्या घराला दिली.

पूना अँड इंडियन व्हिलेज मिशन 1968 साली दुसऱ्या एका मिशनमध्ये मिळून गेलं, नाव बदललं, परदेशी माणसं हळूहळू परतली. 1970 साली नागपूरला उत्तर भारतीय चर्च स्थापन झालं आणि अनेक जुने पंथ त्यात एक झाले. या घडामोडींच्या सभा, ठराव, मालमत्तेचे वाद यांवर कपाटं भरतील इतके कागद असतील. आमच्या माजघरात त्यामुळं काही बदललं नाही.

बदललं ते जातं गेल्यावर. गावात पिठाची गिरणी आली, पहाटेचं दळण संपलं, आणि त्याबरोबर एकेका माणसाच्या नावाची ओवीही. तिची जागा घेणारं काही आलं नाही. विजेचा दिवा आल्यावर दिवेलागणीला अर्थ राहिला नाही, बटण कधीही दाबता येतं. आणि 25 जानेवारी 1987 पासून रविवारी सकाळी साडेनऊला दूरदर्शनवर रामायण सुरू झालं. ती वेळ उपासनेची. तालुक्यातले पाळक त्या वर्षी फार हैराण होते. काही मंडळ्यांनी उपासना आठला घेतली, काहींनी साडेदहाला. आमच्या पाळकांनी साडेदहा केली आणि स्वतः रामायण पाहून आले, असं लोक म्हणत. मला त्यात वावगं वाटलं नाही. प्रवचनात त्या वर्षी दृष्टांत बरे असायचे.

माझी सून शिरवळच्या एका कंपनीत आहे. तिची पाळी बदलती असते, एका आठवड्यात पहाटे साडेपाचची गाडी, दुसऱ्या आठवड्यात रात्री घरी यायला साडेअकरा. संध्याकाळी सातला सगळ्यांनी बसायचं हे आता आमच्या घरात होत नाही. सुरुवातीला मुलाचं म्हणणं पडलं की आई आहेच घरात, ती करील. मी नाही म्हटलं. मी एकटीनं म्हणायचं आणि बाकीच्यांनी धन्य व्हायचं, असं त्यात काही नाही.

सध्या ठरलंय ते असं. पहिल्या पाळीला ती गाडीत बसल्यावर फोनवरून एक स्तोत्र ऐकते आणि घरी आल्यावर चहाच्या वेळी आम्ही सगळे बसतो. दुसऱ्या पाळीला आम्ही तिच्याशिवाय बसतो, पण तिचं जेवण झाकून ठेवलेलं असतं त्यावर प्रार्थना करत नाही. ती रात्री येते, हात धुते, आणि जेवणाआधी स्वतः करते. पोरगा जागा असेल तर तिच्याबरोबर बसतो. डबा अजून आहे, मात्र मूठ आता नातू काढतो आणि त्याची मूठ लहान आहे म्हणून दोनदा घालतो. मंडळीचे खजिनदार म्हणतात, तांदूळ गोळा करून विकायला आता माणूस नाही, त्यापेक्षा महिन्याला फोनवरून पैसे पाठवा. सुनेनं त्यांना सांगितलंय की पैसे पाठवीन, डबाही देईन, तो कुणाला द्यायचा ते तुम्ही ठरवा. पुढच्या सभेत तो विषय आहे.